फोर बाय फोर घ्यायचीय, खरं डिझेल घेऊ का पेट्रोल? बेळगाव-खानापूर-चंदगडकडच्यांसाठी

दर आठ दिवसाला कोण ना कोण विचारतंयच, "डिझेल बंद होणार म्हणे, मग थार डिझेल घेऊ का थांबू?" थांबू नको भावा. खरं बुकिंगचे पैसे द्यायच्या आधी हे एकदा वाच, कारण शोरूममध्ये पाय ठेवलास की अर्धा दिवस रंग आणि सनरूफ यातच जातोय, इंजिनाचं कोण बोलतच नाही.

आधी कंपनीचा पुढचा प्लॅन कसा वाचायचा ते सांगतो, सगळा घोळ तिथंच आहे. सरकारचा कॅफे म्हणून नियम आहे. त्यात एकेक गाडी मोजत नाहीत, कंपनीनं वर्षभरात विकलेल्या सगळ्या गाड्यांच्या धुराची सरासरी काढतात. गाड्यांच्या वजनाप्रमाणे आकडा हलतो, खरं ढोबळ ११३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड दर किलोमीटरला असं धरून चाल, आणि एप्रिल २०२७ पासून पुढचा टप्पा आणखी कडक येतोय. घरात एक पोरगं ९० टक्के काढतंय म्हणून दुसऱ्याचे ४० खपून जातात ना, तसंच हे. महिंद्रानं नोव्हेंबर २०२४ मध्ये बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या दोन इलेक्ट्रिक आणल्या, त्या जितक्या खपतील तितकी थारमधल्या २.२ लिटरच्या डिझेलला जागा राहणार. म्हणून डिझेल किती वर्षं टिकणार हे ओळखायचं असेल तर डिझेलच्या बातम्या वाचत बसू नको, त्याच कंपनीच्या इलेक्ट्रिक गाड्या किती खपाल्यात ते बघ. उलटं वाटतंय खरं, गणित तसंच आहे.

कंपन्या एका इंजिनाच्या भरवशावर बसत नाहीत याला कारणपण आहे. डिसेंबर २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टानं दिल्ली-एनसीआरमध्ये २००० सीसी आणि त्याच्यावरच्या डिझेलची नोंदणी बंद केली, तर महिंद्रानं महिन्याभरात १.९९ लिटरचं इंजिन काढून दाखवलं! बंदी ऑगस्ट २०१६ ला उठली खरं धडा मिळाला, आणि २०२० च्या ऑटो एक्स्पोला महिंद्राची एमस्टॅलियन नावाची पेट्रोल इंजिनं स्टेजवर आली. त्यातलंच २.० लिटरचं त्याच वर्षी थारमध्ये बसलं. मारुतीनं मात्र एप्रिल २०२० ला बीएस ६ हा धुराचा कडक नियम आल्यावर डिझेलचा नादच सोडला, म्हणून जिमनी फक्त पेट्रोलमध्ये मिळते. टोयोटानं २०२५ ला फॉर्च्युनरच्या २.८ डिझेलला ४८ व्होल्टची छोटी हायब्रिड, म्हणजे बॅटरी-मोटरची मदत जोडली. आणि १५ ऑगस्ट २०२५ ला महिंद्रानं मुंबईत एनयू आयक्यू नावाचा नवा प्लॅटफॉर्म दाखवला, एकाच सांगाड्यावर वेगवेगळी इंजिनं बसतील असा, त्यावरच्या गाड्या २०२७ पासून येणार. त्याच कार्यक्रमात दाखवलेली व्हिजन टी ही नमुन्याची गाडी दिसायला लय भारी, खरं स्टेजवरची गाडी बघून आजची खरेदी पुढं ढकलायची नाही.

आता टॅक्स. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला. चार मीटरच्या आतली गाडी आणि डिझेल १५०० सीसीपर्यंत किंवा पेट्रोल १२०० सीसीपर्यंत असलं तर १८ टक्के, त्याच्यावर गेलास की सरळ ४० टक्के. थारची लांबी ३९८५ मिलिमीटर आणि छोटं डिझेल १.५ लिटरचं, म्हणजे ती १८ मध्ये बसली. जिमनी लांबीला तेवढीच, खरं पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं, गेली ४० मध्ये. आता गोम ऐक, थारचं ते स्वस्तातलं १.५ डिझेल फक्त मागच्या चाकांवर चालतं, त्यात फोर बाय फोर नाहीच. रॉक्समध्ये, म्हणजे पाच दारांच्या थारमध्ये, त्याच्या उलट, तिथं फोर बाय फोर पाहिजे तर डिझेलच घ्यावं लागतं, पेट्रोलला तो पर्यायच नाही. म्हणून "थार डिझेल घेतली" म्हणून कोण सांगाला तर आधी विचार, कुठली?

रोड टॅक्सचं आपल्या बॉर्डरच्या लोकांना जास्त माहीत पाहिजे. महाराष्ट्रात डिझेलला पेट्रोलपेक्षा जास्त रोड टॅक्स पडतो, कर्नाटकात तसा फरक नाही खरं एकूण टॅक्सच जास्त. मग निपाणी-चिकोडीकडची मंडळी कोल्हापूरच्या पाहुण्याच्या पत्त्यावर एमएच ०९, म्हणजे कोल्हापूरचा नंबर काढतात. मोटार वाहन कायद्यात साफ लिहिलंय, गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथलं रजिस्ट्रेशन करून घ्यावं लागतं, त्यामुळं वाचवलेले पैसे एक दिवस आरटीओच्या दारात ठेवूनच यावे लागतात. आणि ते "दहा वर्षांत डिझेल भंगार" दिल्ली-एनसीआरचं आहे, आपल्या बेळगावच्या केए २२ नंबरला लागू नाही. हितं १५ वर्षांनी फिटनेस करून रजिस्ट्रेशन पुढं वाढवता येतंय.

आता मेन गोष्ट, तुझा आठवडा कसा जातोय ते कागदावर लिहून काढ. मी हे केलं नव्हतं म्हणून भोगलंय. माझी आधीची डिझेल एसयूव्ही होती, कंपनीचं नाव जाऊ दे, रोजचं रनिंग टिळकवाडी ते उद्यमबाग, तीन-चार किलोमीटर, त्यातलापण निम्मा वेळ दुसऱ्या रेल्वे गेटावर उभा. बीएस ६ डिझेलच्या सायलेन्सरमध्ये डीपीएफ असतो, काजळी धरून ठेवणारी जाळी, ती काजळी साधारण ६०० अंशाला जळून जाते, म्हणजे गाडी सलग तापून पळायला पाहिजे. माझी तापायच्या आधीच बंद व्हायची. पावसाळ्यात एक दिवस मीटरवर पिवळा दिवा लागला, मी नेलं वर्कशॉपला, त्यांनी मोठं बिल हातात दिलं आणि पंधरा दिवसांत दिवा परत हजर. शेवटी उद्यमबागेतल्या ओळखीच्या मेस्त्रीनं डिपस्टिक काढून दाखवली. ऑइल फुल्लच्या खुणेच्या बोटभर वर! मी म्हटलं वाढलं कसं, तर तो म्हणाला वास घे. डिझेलचा वास. काजळी जाळायला गाडी जास्तीचं डिझेल सोडते, ते काम अर्धवट सुटलं की तेच डिझेल खाली ऑइलमध्ये उतरतंय. ऑइल बदललं आणि त्यानं सांगितलं तसं हायवेनं संकेश्वरच्या दिशेला चौथ्या गिअरमध्ये २००० च्या वर आरपीएम ठेवून पळवली, पंचवीस मिनिटांत दिवा गेला. तेव्हापासून एक सवय लागली, थांबल्यावर फॅन जोरात चालू असला, आयडलिंग जरा चढं वाटलं आणि गरम वास आला तर काजळी जळायचं काम चालू आहे समजायचं, गाडी बंद करायची नाही, आणखी एक चक्कर मारून यायचं.

म्हणून आठवड्यातनं एकदा तरी अर्धा तास सलग हायवे किंवा चोर्ला-आंबोलीचा घाट होत असेल तर डिझेल बिनधास्त घे, नुसतं गावातल्या गावात फिरणार असशील तर पेट्रोल बरं. बरं, "ऑफरोडला डिझेलच, टॉर्क जास्त" हे ऐकून फसू नको, टॉर्क म्हणजे इंजिनाची ओढायची ताकद, आणि मॅन्युअल गिअरच्या फोर बाय फोर थारमध्ये दोन्हींचा टॉर्क ३०० न्यूटन मीटरच आहे, पेट्रोलला १२५० आरपीएमपासून मिळतो आणि डिझेलला १६०० पासून. डिझेल जिंकतं ते मायलेजवर. समजा पेट्रोल १० देते आणि डिझेल १३, वर्षाचं रनिंग १०,००० किलोमीटर, पेट्रोल १०३ नं आणि डिझेल ९१ नं धर, तर फरक पडला ३३ हजारांच्या आसपास. दोन मॉडेलच्या ऑनरोड किमतीतला फरक या आकड्यानं भागून बघ, किती वर्षांत वसूल होतोय ते कळतंय. तुझं रनिंग ४,००० असलं तर विषयच मिटला, पेट्रोलच घे. पेट्रोल आता ई२० आहे, म्हणजे त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल, त्यानं मायलेज थोडं कमी होतंय. आपल्याच जिल्ह्याच्या उसाचं इथेनॉल आपल्याच टाकीत, तक्रार तरी कुणाकडं करायची.

टेस्ट ड्राइव्ह कॅम्पातल्या गुळगुळीत रोडवर घेऊ नको. राजहंसगडाच्या चढाला ने, निम्म्या चढावर थांबव, मग पहिल्या गिअरमध्ये क्लच हळू सोडून अॅक्सिलेटर न देता चढते का बघ. फोर लो, म्हणजे चारही चाकांना हळू पण जास्त जोर देणारा गिअर, टाकायला लाव, सेल्समनला येत नसलं तर दुसरा माणूस मागव. डिझेलला डीईएफची वेगळी टाकी आहे का विचार, म्हणजे धूर साफ करायला लागणारं ते ३२.५ टक्के युरियाचं पाणी. असली तर ती संपायच्या आधी भरायची, कणकुंबीत शोधत फिरायला लागू नये.

पावसाळ्यात जांबोटीकडच्या ओढ्यात गाडी घालणार असशील तर आकडे पाठ ठेव, थारची पाण्यातली मर्यादा ६५० मिलिमीटर, फोर्सच्या गुरखाची ७००. आमचे मामा पूर्वी वडापची जीप चालवायचे, ते अजूनपण काठी घेऊन आधी स्वतः पाण्यात उतरतात, गुडघ्यापर्यंत पाणी असलं तर "आण", मांडीला लागलं तर "माघारी फिर". पाणी एअर इनटेकमधनं आत गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतोय, मग डिझेल असू दे नाहीतर पेट्रोल, आणि साध्या इन्शुरन्समध्ये ते मिळत नाही, इंजिन प्रोटेक्शनचं अॅडऑन वेगळं घ्यावं लागतंय. भीमगडच्या जंगलात परवानगीशिवाय घुसू नको, अभयारण्य आहे, फॉरेस्टवाले गाडीच जप्त करतात. आणि डिझेल असली तर पावसाळ्यात फ्युएल फिल्टरच्या खालचा नट ढिला करून साचलेलं पाणी अधूनमधून सोडत जा, मेस्त्रीकडनं एकदा शिकून घे, पाच मिनिटांचं काम आहे.