किडीचं कवच कच्चं कुठे सापडतं?

एकाच फवाऱ्याने मावा आटोक्यात येतो आणि पिठ्या ढेकूण मात्र ढिम्म हलत नाही. औषध तेच, अंगावरचं कवच वेगळं. कवच कायटिन या चिवट पदार्थाचं आणि प्रथिनांचं असतं, त्यावर मेणाचा अगदी पातळ थर. अंगातलं पाणी हा थर आत रोखतो आणि फवाऱ्याचं पाणी बाहेर.

मावा, पांढऱ्या माशीची पिल्लं अशा मऊ अंगाच्या किडींना पोटॅशियमचा कीटकनाशक साबण पुरतो. लिटरभर पाण्यात १० ते २० मिली. धुण्याची पावडर वापरू नका, पानं करपतात. पाणी जड असलं तर साबण फाटून वर साय धरते. मग पावसाचं पाणी घ्या. साबण ओला असेपर्यंतच काम करतो, म्हणून ऊन उतरल्यावर, पानांच्या खालच्या बाजूने, अंग भिजेल असा मारा. आधी दोन-चार पानांवर मारून दोन दिवस बघा. अंडी वाचतात, त्यामुळे ५ ते ७ दिवसांनी पुन्हा फवारणी आलीच.

पिठ्यावरचं कापसासारखं मेण आधी पाण्याच्या धारेने किंवा मऊ ब्रशने उडवा. खवले किडीच्या मोठ्या मादीवर औषध वाया घालवू नका, ढाल भेदत नाही. फांदीला दोन्ही बाजूंनी चिकट असलेली पट्टी गुंडाळा. भिंगाखाली तिच्यावर बारीक ठिपक्यांसारखी पिल्लं अडकलेली दिसली, की फवारणीची वेळ झाली.

झुरळांसाठी डायटोमाइटची (सूक्ष्म शैवालांच्या सांगाड्यांपासून बनलेल्या मातीची) भुकटी: फटींत, जेमतेम दिसेल इतकी. ढीग केला तर झुरळ वळसा घालून जातं. भुकटी मेण शोषते, झुरळ सुकून मरतं. पण त्याला काही दिवस लागतात आणि ओल आली की सगळं फुकट. पोहण्याच्या तलावाच्या गाळणीतली भुकटी घेऊ नका, ती फुप्फुसांना घातक. कुठलीही भुकटी टाकताना मास्क हवाच.

कात टाकलेलं झुरळ पांढरंफटक दिसतं. काही तासांत ते तपकिरी आणि टणक होतं. नवं कवच नीट बनूच न देणारी औषधं आहेत: अळ्यांसाठी डायफ्लुबेन्झुरॉन, तुडतुडे आणि पांढऱ्या माशीसाठी बुप्रोफेझिन. प्रमाण लेबलवरचंच. कीड पुढच्या कातीच्या वेळी मरते, लगेच नाही. इथेच घाई होते आणि लोक दुसऱ्याच दिवशी दुसरं औषध मारतात. प्रौढ किडी यांनी सहसा मरत नाहीत, तेव्हा पिल्लं लहान असतानाच फवारा. डायफ्लुबेन्झुरॉन तळ्या-ओढ्याजवळ मात्र नको: कोळंबी आणि खेकड्यांचं कवचही कायटिनचंच असतं.