स्कूटरची बॅटरी सारखी उतरते? नवी घेण्याआधी एवढं तपासा

नवी बॅटरी टाकून तीन महिने झाले नाहीत तोच सेल्फ पुन्हा मारत नाही, ही तक्रार कुठल्याही गॅरेजसमोर थोडा वेळ उभं राहिलात तरी कानावर पडते. उत्तरही ठरलेलं असतं: "बॅटरी गेली, बदलून टाका." हजार-पंधराशे रुपये जातात, महिनाभर गाडी छान चालते आणि पुन्हा तेच. मला हे फार खटकतं. कारण अशी बाद केलेली बॅटरी पुष्कळदा मुळात खराब नसते. एक तर ती कधी पूर्ण भरलेलीच नसते, नाहीतर गाडी बंद असताना तिच्यातून वीज गळत असते. ते कारण तसंच ठेवलं तर नवी बॅटरीही त्याच वाटेनं जाणार.

म्हणून आधी शोधायचं ते हे: बॅटरीचं वय झालंय, गाडी चालताना ती भरत नाहीये, बंद असताना गळतेय, की गाडी इतकी कमी चालते की भरायला वेळच मिळत नाही? यासाठी एक साधा डिजिटल मल्टिमीटर लागतो. इलेक्ट्रिकच्या दुकानात तीन-चारशे रुपयांत मिळतो आणि घरी इतर कामांनाही उपयोगी पडतो.

आधी खात्री करा की दोष बॅटरीचाच आहे

चावी फिरवा आणि हॉर्न दाबा. हॉर्न खणखणीत वाजतोय, इंडिकेटर नीट लुकलुकतायत, पण सेल्फचं बटण दाबल्यावर काहीच हालचाल नाही, तर बॅटरीकडे जाऊच नका. स्कूटरमध्ये ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही. ब्रेकच्या दांडीजवळचा छोटा स्विच खराब झाला की गाडीला वाटतं ब्रेक दाबलाच नाही. दोन्ही ब्रेक एकेक करून दाबा आणि कुणाला तरी मागचा लाल दिवा पाहायला सांगा. ज्या बाजूचा ब्रेक दाबून दिवा लागत नाही, त्या बाजूचा स्विच बिघडलेला. तो बदलायला बॅटरीच्या मानानं अगदी किरकोळ खर्च येतो. नव्या काही गाड्यांत साइड स्टँड खाली असला तरी इंजिन सुरू होत नाही, तेही पाहा.

उलट, सेल्फ दाबल्यावर नुसता कट-कट आवाज येतोय, डॅशबोर्डचे दिवे मंदावतायत आणि हॉर्न घोगरा झालाय, तर वीज कमी पडतेय हे नक्की. पण बॅटरीत वीज नाही, की असून पुढे पोचत नाही, हे अजून कळायचंय.

टर्मिनल उघडून पाहा

बॅटरी बहुतेक स्कूटरमध्ये पायाखालच्या रबरी मॅटखाली, सीटखाली किंवा पुढच्या पॅनेलमागे असते. आपल्या गाडीत कुठे आहे ते गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत चित्रासह दिलेलं असतं. झाकण काढण्याआधी चावी बंद करा आणि हातातली अंगठी, बांगड्या, कडं काढून ठेवा. धातूची वस्तू बॅटरीच्या दोन टर्मिनलना, म्हणजे वायर जोडायच्या टोकांना, एकदम टेकली तर ती क्षणात तापून हात भाजतो.

वायर काढताना आधी निगेटिव्ह, म्हणजे काळी. मग पॉझिटिव्ह, लाल. बसवताना बरोबर उलटं: आधी लाल, मग काळी. गाडीची सगळी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. काळी वायर जागेवर असताना लाल बोल्ट सोडवताना पाना बॉडीला टेकला, तर थेट शॉर्ट होतो. हा क्रम मोडू नका, मग कितीही घाई असो.

खड्ड्यांच्या रस्त्यावर चालून हे बोल्ट ढिले होतात. हातानं हलवून वायर जरा जरी फिरली, तर तुमचा अर्धा प्रश्न कदाचित इथेच संपला. टर्मिनलवर पांढरी-हिरवट पूड जमली असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशनं घासा, पुसून पूर्ण कोरडं करा, बोल्ट घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवा. कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळा संपला की हे काम दरवर्षी करावंच. जमलं तर काळ्या वायरचं दुसरं टोक जिथे चेसिसला किंवा इंजिनला बोल्टनं बसवलेलं असतं, तिथला गंजही काढा. मेकॅनिक ज्याला "अर्थिंग गेलं" म्हणतात, ते बहुधा या टोकाशी असतं, आणि शोधणाऱ्याचं लक्ष मात्र बॅटरीवरच असतं.

आता आकडे घ्या

मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. लाल पिन लाल टर्मिनलला, काळी काळ्याला.

पहिला आकडा सकाळी, गाडी सुरू करण्याआधी. रात्री फिरून आल्या आल्या मोजलंत तर आकडा फसवा येतो, कारण चार्जिंग नुकतंच थांबलेलं असतं. रात्रभर विसावलेली चांगली बॅटरी १२.६ ते १२.९ व्होल्ट दाखवते. १२.४ च्या आसपास असेल तर ती अर्धवट भरलेली आहे. १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. या बॅटरीत प्रत्येकी सुमारे २.१ व्होल्टचे सहा कप्पे असतात. त्यामुळे पूर्ण चार्ज करूनही आकडा १०.५ च्या आसपासच अडकला, तर एक कप्पा मेलेला आहे असं समजा. तिच्यावर आणखी खर्च करू नका.

दुसरा आकडा सेल्फ मारताना. एकानं बटण दाबायचं, दुसऱ्यानं मीटर पाहायचा. व्होल्टेज क्षणभर खाली येणारच. पण सकाळी १२.६ दाखवणारी बॅटरी सेल्फ मारताच ९.५ च्याही खाली कोसळत असेल, तर तिच्यात आता दम राहिलेला नाही. नुसता सकाळचा आकडा पाहून "बॅटरी चांगली आहे" म्हणण्यात हाच धोका असतो.

तिसरा आकडा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा, आणि गॅरेजात घाईच्या वेळी तोच राहून जातो: इंजिन चालू असताना चार्जिंग होतंय का? गाडी मोकळ्या हवेत मेन स्टँडवर घ्या, मागचं चाक जमिनीपासून सुटलेलं असू द्या आणि मुलांना त्या बाजूला फिरकू देऊ नका. इंजिन सुरू करून अ‍ॅक्सिलरेटर हलकासा द्या. आकडा साधारण १३.५ ते १४.५ च्या दरम्यान चढायला हवा. नुसत्या आयडलिंगवर, हेडलाइट चालू असताना तो थोडा कमी दिसला तरी घाबरू नका. रेस दिल्यावर वर जातो की नाही ते पाहा.

रेस देऊनही आकडा १२ च्या घरातच घुटमळला, तर बॅटरी भरतच नाहीये. दोष इंजिन फिरताना वीज तयार करणाऱ्या मॅग्नेट कॉइलमध्ये, ती वीज बॅटरीला साजेशी करणाऱ्या आरआर युनिटमध्ये, म्हणजे रेग्युलेटर-रेक्टिफायरमध्ये, किंवा त्यांच्यामधल्या सॉकेटमध्ये असू शकतो. सॉकेट आधी उघडून पाहा. पाणी शिरून काळं पडलेलं किंवा उष्णतेनं वितळलेलं सॉकेट डोळ्यांनाच दिसतं. आणि आकडा १५ च्या वर जात असेल तर आरआर युनिट बिघडलंय. अशा गाडीत बॅटरीचं पोट फुगतं, बल्ब वारंवार उडतात. या दोन्ही अवस्थांत नवी बॅटरी टाकणं म्हणजे पैसे वाया घालवणं. मेकॅनिककडे जाऊन "बॅटरी बघा" म्हणू नका. "रेसवर चार्जिंग इतकंच येतंय" असा आकडा सांगा. कामाची दिशाच बदलते.

बंद गाडीतून वीज गळतेय का

तिन्ही आकडे ठीक आहेत, तरी दोन-तीन दिवस गाडी उभी राहिली की सेल्फ मरतो. मग गळती शोधायची. बऱ्याच नव्या स्कूटरमध्ये बॅटरी फक्त ३ ते ५ अँपिअर-अवरची असते (अँपिअर-अवर म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप). ३ अँपिअर-अवरची बॅटरी धरा. बंद गाडीत ५० मिलीअँपिअर (मिलीअँपिअर म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग) गळत असतील तर दिवसाला १.२ अँपिअर-अवर जातात, म्हणजे अडीच दिवसांत बॅटरी रिकामी. आणि सेल्फ तर त्याच्या बराच आधी बंद पडतो.

मोजण्यासाठी चावी बंद करा आणि काळी वायर काढा. मीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात घाला आणि चकतीही डीसी १० अँपिअरवर फिरवा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला, दुसरं काढलेल्या वायरला. आकडा अगदी छोटा आला तरच मिलीअँपिअरच्या भोकात पिन बदला. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नका, नाहीतर मीटरचा फ्यूज किंवा मीटरच जातो. मोजून झाल्यावर लाल पिन आठवणीनं व्होल्टच्या जागी परत घाला. ती अँपिअरच्याच भोकात राहिली आणि पुढच्या वेळी थेट बॅटरीला लावली, तर शॉर्ट होतो.

साध्या स्कूटरमध्ये हा प्रवाह एक-दोन मिलीअँपिअर किंवा त्याहूनही कमी असतो. मोबाइलला जोडणाऱ्या डिजिटल डिस्प्लेच्या गाड्यांत थोडा जास्त. २०-३० दिसू लागले तर नंतर बसवलेल्या वस्तूंकडे वळा: जीपीएस ट्रॅकर, चोरीचा अलार्म, मोबाइल चार्जर, एलईडी पट्ट्या, जादा हॉर्न. एकेकाची जोडणी काढत जा आणि मीटर पाहत राहा. आकडा एकदम खाली आला की चोर सापडला. बहुतेक वेळा ती वस्तू वाईट नसते, पण तिची वायर चावीच्या आधी, थेट बॅटरीला मारलेली असते. ती चावीनंतरच्या लाइनवर घेतली की प्रश्न सुटतो. ट्रॅकर आणि अलार्मला मात्र कायम वीज लागते. गाडी दिवसेंदिवस उभी राहत असेल तर तिथे तुम्हालाच ठरवावं लागेल.

गाडी फार कमी चालत असेल तर

शहरांत हा प्रकार फार दिसतो, आणि यात गाडीचा काहीच दोष नसतो. सकाळी मुलाला शाळेत सोडलं, मग भाजी मंडई, संध्याकाळी क्लास. दर खेपेला एक-दोन किलोमीटर आणि दर खेपेला दोनदा सेल्फ. सेल्फनं काही सेकंदांत घेतलेली वीज परत भरायला गाडी नीट वेगात चालावी लागते. सिग्नलला आयडलिंगवर थांबून ती भरत नाही. त्यात एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनसोबत कायम चालू असतो, त्याचाही वाटा जातोच.

आठवड्यातून एक-दोनदा सलग वीस-तीस मिनिटं गाडी चालवा. किक असेल तर सकाळची पहिली सुरुवात किकनं करा. पार्किंगमध्ये पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून "चार्ज केली" असं समाधान मानून घेऊ नका. सेल्फनं घेतलं तेवढंही त्यात परत येईलच असं नाही. गणपतीला किंवा मे महिन्यात दहा-पंधरा दिवस गावी जाणार असाल तर निघताना काळी वायर काढून टोकाला चिकटपट्टी गुंडाळा. दोन मिनिटांचं काम आहे.

बाहेरून चार्ज करताना

उतरलेली बॅटरी तशीच पडू देऊ नका. रिकाम्या बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि मग ती पूर्वीइतकी भरतच नाही. चार्ज करण्याचा प्रवाह क्षमतेच्या एक दशांश असावा, म्हणजे ३ अँपिअर-अवरच्या बॅटरीला ०.३ अँपिअर, आणि वेळ साधारण रात्रभर. बॅटरीवाल्याकडे देत असाल तर हे स्पष्ट सांगा: "हळू लावा, उद्या नेतो." तासाभरात परत मिळावी म्हणून इन्व्हर्टरच्या किंवा मोटारीच्या बॅटऱ्यांसोबत मोठ्या चार्जरला लावलेली छोटी बॅटरी आतून भाजून निघते. सीलबंद बॅटरीचं वरचं झाकण उचकटून पाणी घालायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. बुचं असलेली जुन्या प्रकारची असेल, तर दोन खुणांच्या मध्ये पातळी राहील इतकंच डिस्टिल्ड वॉटर घाला. नळाचं नाही, आरओचंही नाही.

रस्त्यात बंद पडली तर

गिअरच्या बाइकसारखी स्कूटर ढकलून सुरू होत नाही. तिचा क्लच इंजिन फिरू लागल्यावरच पकडतो, त्यामुळे उन्हात धावून दमू नका. किक असेल तर किक मारा. २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत फ्युएल इंजेक्शन असतं, म्हणून आधी चावी चालू करून दोन-तीन सेकंद थांबा, पेट्रोल पंपाची बारीक घरघर थांबू द्या, मग किक. बॅटरी ठार रिकामी असेल तर पंपच चालत नाही आणि किकही वाया जाते.

चालू इंजिनमध्ये बॅटरीची वायर काढून चार्जिंग "तपासणारे" अजून भेटतात. इंजेक्शनच्या गाडीवर हे अजिबात करू देऊ नका. त्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर, जळू शकतो. त्याच्या किमतीत कितीतरी बॅटऱ्या येतील.

बदलायचीच वेळ आली तर

तीन-चार वर्षं चाललेली बॅटरी दमली, तर तिनं तिचं काम केलं. नागपूर, अकोला, चंद्रपूरच्या उन्हात दिवसभर उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीत ती आधीच थकते, कारण उष्णता या बॅटरीचं आयुष्य झपाट्यानं कमी करते. नवी घेताना व्होल्ट, अँपिअर-अवर आणि टर्मिनलची बाजू जुनीशी जुळवा. उत्पादनाचा महिना विचारून घ्या. दुकानात बराच काळ पडून राहिलेली घेऊ नका. मल्टिमीटर सोबत न्या आणि दुकानातच १२.६ च्या वर आहे का ते पाहा. वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का घ्या. बसवल्यावर रेसवरचं चार्जिंग पुन्हा एकदा मोजा.

जुनी बॅटरी दुकानदाराला परत करा, त्याबद्दल किमतीत सूट मागा. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती घरच्या कचऱ्यात टाकायची नसते. ती आत शिसं आणि गंधकाम्ल घेऊन असते. भंगारात गेलेली बॅटरी फोडून तिचं अ‍ॅसिड गटारात ओतलं जातं, म्हणून तिथेही देऊ नका.