सॅनिटायझर मारूनही स्वॅब फेल येतोय? आधी बायोफिल्म घासून काढा

फूड प्लांटमधलं टेबल चकाचक दिसतंय, सॅनिटायझर रोज मारला जातोय, तरी स्वॅब (बॅक्टेरिया तपासायला पृष्ठभाग पुसून घेतलेला नमुना) त्याच जागी परत परत फेल होतोय, तर तिथे बहुतेक बायोफिल्म बसलीये. बॅक्टेरिया पृष्ठभागाला चिकटले की स्वतःभोवती साखर-प्रोटीनचा चिकट थर बनवतात, सॅनिटायझर वरच्या वरच खर्च होतो आणि आतले जिवंत राहतात. म्हणून नुसता डोस वाढवत बसू नका, आधी तो थर फोडा.

काम संपलं की लगेच लागा, रात्रभर ठेवू नका, वाळलेला थर काढायला दुप्पट मेहनत पडते. आधी कोरडा कचरा उचलायचा, मग कोमट पाण्याने धुवायचं (एकदम कडक पाणी नको, प्रोटीन शिजून तिथेच घट्ट बसतं), मग अल्कलाइन डिटर्जंट लावून लेबलवर लिहिलाय तेवढा वेळ ठेवायचं आणि ब्रशने घासायचं. घासणं टाळलंत तर बाकी सगळं वाया, हे मी अगदी कळकळीने सांगतोय. पाइपलाइनमध्ये ब्रश जात नाही, तिथे हेच काम पाण्याचा वेग करतो, सेकंदाला निदान 1.5 मीटर तरी हवा. त्यानंतर डिटर्जंट पूर्ण धुवून काढा, राहिला तर सॅनिटायझर, खासकरून क्वाट (अमोनियम संयुगांचा सॅनिटायझर), निकामी होऊ शकतो. मग सॅनिटायझर, लेबलवरचं प्रमाण आणि वेळ पाळून, आणि शेवटी पूर्ण सुकू द्या, ओल राहिली की परत तेच सुरू. क्लोरीन आणि अ‍ॅसिड कधीच एकत्र करू नका, विषारी गॅस होतो.

खरी गंमत लपलेल्या जागांत असते. गॅस्केट (जॉइंटमधली रबरी सील), कन्व्हेयर बेल्टची खालची बाजू, स्लायसरच्या ब्लेडमागची फट, ओरखडे पडलेले कटिंग बोर्ड, पाइपचे बंद फाटे. मशीन खोलल्याशिवाय इथे हात पोचत नाही, म्हणून खोलायचा वार ठरवून टाका आणि चिरलेलं गॅस्केट धुवत बसू नका, बदला. ड्रेनचा ब्रश वेगळ्या रंगाचा ठेवा, आणि तिथे प्रेशर गन अजिबात नको, उडालेले तुषार सगळं घेऊन परत टेबलावर बसतात. कोल्ड रूम आहे म्हणून निर्धास्त राहू नका, लिस्टेरिया हा आजार पसरवणारा बॅक्टेरिया 4 अंशालाही वाढतो.

एटीपी टेस्ट (पेशींत आणि अन्नाच्या अंशात असणारं एटीपी हे रसायन मोजणारी टेस्ट) लगेच सांगते की घाण राहिलीये का, पण बॅक्टेरिया कोणता ते नाही सांगत, त्यासाठी स्वॅब लॅबलाच पाठवावा लागतो. आणि स्वॅब मधल्या सपाट भागावरून नको, कोपऱ्यातून आणि जॉइंटमधून घ्या.