सिमकार्डाला पिन लावा: फोन हरवण्याआधीची तयारी आणि हरवल्यावरचा पहिला तास

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा शिरगावच्या जत्रेतल्या गर्दीत फोन गेला की आधी आठवतात फोटो, मग फोनची किंमत. पण सगळ्यात जास्त नुकसान करू शकते ते नखाएवढे सिमकार्ड. स्क्रीनला पासवर्ड असो नाहीतर बोटाचा ठसा, चोराला तो उघडत बसायची गरजच नसते. टाचणीने ट्रे बाहेर काढायचा, सिम दुसऱ्या फोनात घालायचे, झाले. तिथून पुढे तुमच्या नंबरवर येणारा प्रत्येक ओटीपी त्याच्या हातात पडतो. फोनचे कुलूप फोनपुरतेच असते. सिमला स्वतःचे वेगळे कुलूप असते, ते जवळपास प्रत्येक फोनात फुकट मिळते, आणि ते लावलेले लोक फार थोडे आहेत.

धोका नेमका किती, हे समजायला यूपीआयचे उदाहरण घ्या. सिम दुसऱ्या फोनात गेले की त्या फोनातल्या यूपीआय ॲपला तुमचा नंबर ओळखता येतो, कारण ॲप त्या सिमवरूनच एक एसएमएस पाठवून खातरजमा करते. पैसे काढायला यूपीआय पिन लागतो, हे खरे. पण पिन नव्याने ठरवता येतो, आणि त्यासाठी लागतात डेबिट कार्डावरचे शेवटचे सहा आकडे, कार्डाची मुदत संपण्याचा महिना-वर्ष आणि ओटीपी. काही बँका एटीएम पिनही मागतात, सगळ्या नाहीत. आधारच्या मार्गाने गेले तर आधार क्रमांकाचे पहिले सहा आकडे आणि ओटीपी लागतात. आता तुमच्या फोनच्या कव्हरच्या मागे पाहा. तिथे डेबिट कार्ड किंवा आधार कार्ड सारलेले असेल, तर चोराला हवे ते सगळे तुम्हीच एकत्र बांधून दिले आहे. ते कार्ड आज, हा लेख वाचून होण्याआधी, काढून पाकिटात ठेवा.

सिम पिन कसा लावायचा

अँड्रॉइड फोनात सेटिंग्ज उघडा आणि वरच्या शोधपट्टीत ‘सिम’ लिहून ‘सिम लॉक’ किंवा ‘सिम कार्ड लॉक’ हा पर्याय शोधा. कंपनीगणिक तो वेगळ्या जागी असतो, बहुधा ‘सिक्युरिटी’ किंवा ‘प्रायव्हसी’च्या आत, म्हणून शोधपट्टीच बरी. आयफोनात सेटिंग्जमधल्या मोबाईल सर्व्हिस किंवा मोबाईल डेटा या भागात ‘सिम पिन’ मिळतो. दोन सिम असतील तर दोन्हींना वेगवेगळा लावावा लागतो. एकाचा पिन दुसऱ्याला लागू होत नाही.

इथेच लोक फसतात. कुलूप चालू करताच फोन पिन मागतो. हा तुमच्या मनातला नवा पिन नव्हे, कंपनीने सिममध्ये आधीच घालून दिलेला पिन. तो आधी द्यायचा, कुलूप चालू झाले की मग ‘सिम पिन बदला’ या पर्यायात जाऊन स्वतःचा ठरवायचा. हे न कळल्यामुळे माणूस पहिल्याच पानावर आपल्या आवडीचे चार आकडे टाकतो, चुकतो, पुन्हा तेच टाकतो, आणि तिसऱ्या चुकीला सिम बंद पडते. कंपनीचा मूळ पिन बऱ्याचदा १२३४ किंवा ०००० असतो, पण त्यावर विसंबू नका. सिम ज्या मोठ्या प्लॅस्टिकच्या कार्डात बसवून आले होते त्यावर पाहा, नाहीतर ग्राहक सेवेला विचारा. अंदाज करायचाच तर एकदाच करा. तीनपैकी दोन संधी कायम हाताशी राहू द्या.

तीनदा चुकल्यावर सिम ‘पीयूके’ नावाचा आठ आकडी क्रमांक मागते. हा क्रमांक त्या प्लॅस्टिकच्या कार्डावर छापलेला असतो किंवा ओळख पटवून कंपनीकडून मिळतो. याच्या दहा संधी असतात. दहाही चुकल्या की सिम कायमचे निकामी. मग नवेच घ्यावे लागते. म्हणून पीयूके मागितला की हात बांधून ठेवा आणि कंपनीला फोन करा. तिथे अंदाजाला जागा नाही.

नवा पिन चार ते आठ आकड्यांचा ठेवता येतो. जन्मसाल नको, स्क्रीनचा पिन तोच नको, यूपीआयचा तर नकोच नको. सेट करून झाल्यावर फोन बंद करून पुन्हा चालू करा. पिन मागितला तर काम झाले. न मागितला तर कुलूप चालूच झालेले नाही.

एक परिणाम आधीच माहीत असू द्या. फोन दर वेळी बंद होऊन चालू झाला की पिन दिल्याशिवाय नेटवर्क मिळत नाही. पावसाळ्यात रात्रभर वीज गेली, बॅटरी संपली, सकाळी फोन चार्जिंगला लावून चालू केला, की तुम्ही पिन देईपर्यंत बाहेरून येणारा कॉल लागत नाही. वाय-फायवर व्हॉट्सॲप चालत राहते, त्यामुळे सगळे ठीक आहे असे वाटते. घरी एकटे राहणारे वयस्क आई-बाबा असतील तर पिन कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून देवघराच्या खणात ठेवा, फोनच्या कव्हरमध्ये नव्हे. त्यांच्या फोनात रात्री आपोआप रीस्टार्ट होण्याची सोय असेल तर ती बंद करा. आणीबाणीचा ११२ मात्र पिन न देताही लागतो, हे त्यांना सांगून ठेवा.

बोटीवर गेलेल्यांचे सिम

गोव्यात घरटी कोणी ना कोणी बोटीवर, आखातात किंवा इंग्लंडात नोकरीला असते, आणि त्याचे इथले सिम आईच्या किंवा भावाच्या जुन्या फोनात पडून असते. बँकेचे सगळे ओटीपी तिथे येतात. हे सिम जास्त जपायला हवे, कारण ते चोरीला गेले तर कळायलाच आठवडा जातो. त्याला पिन लावा आणि तो पिन घरातल्या दोघांना माहीत असू द्या. रिचार्जची तारीख दिनदर्शिकेवर मांडा. प्रीपेड नंबर ९० दिवस कसल्याच वापराविना राहिला तर बंद होऊ शकतो. खात्यात किमान २० रुपये असले तर ते कापून आणखी ३० दिवस मिळतात. बंद झालेला नंबर काही काळाने दुसऱ्याच ग्राहकाला दिला जातो, आणि बँकेत तो तुमच्याच नावावर राहिलेला असतो. महिन्यातून एकदा त्या सिमवरून एक कॉल करावा, एवढेच पुरते.

घरच्यांना एक नियम घालून द्या: मुलगा ओटीपी मागतोय असा मेसेज आला, तर कॉल करून त्याचा आवाज ऐकल्याशिवाय आकडे द्यायचे नाहीत. व्हॉट्सॲप खाते दुसऱ्याच्या हाती गेले की मेसेज मुलाच्याच नावाने येतो.

सिमच्या पलीकडची दोन दारे

सिमला पिन लागला तरी फोन चालू असेपर्यंत सिम फोनातच जागे असते, आणि लॉक असलेल्या स्क्रीनवर एसएमएस दिसतात. म्हणजे स्क्रीन न उघडताही ओटीपी वाचता येतो. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमधल्या नोटिफिकेशन्समध्ये जाऊन लॉक स्क्रीनवर संवेदनशील मजकूर दाखवणे बंद करा. आयफोनात नोटिफिकेशन्स, मग ‘शो प्रिव्ह्यूज’, आणि तिथे ‘व्हेन अनलॉक्ड’.

एवढ्यानेही एक फट उरते. लॉक असलेल्या फोनवर आलेला कॉल कोणीही उचलू शकतो, आणि व्हॉट्सॲप आपला कोड कॉल करूनही सांगते. म्हणून व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये अकाउंट, मग टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून सहा आकडी पिन ठरवा. ईमेल पत्ता जरूर जोडा. तो न जोडता पिन विसरलात तर पुन्हा नोंदणी करायला सात दिवस थांबावे लागते. खाते दुसऱ्याने पळवलेच, तर लगेच आपल्या नंबरने पुन्हा नोंदणी करा. एसएमएसवर आलेला कोड टाकताच चोर खात्याबाहेर फेकला जातो. त्याने स्वतःचा पिन लावून ठेवला असेल तर तुम्हाला आत शिरायला सात दिवस लागतात, पण त्या काळात तोही आत नसतो. तुमच्या नावाने ओळखीच्यांकडे पैसे मागणे तेवढ्यावर थांबते.

गूगल खात्याचे बॅकअप कोड आजच छापून घ्या. दहा कोड मिळतात, प्रत्येकी आठ आकडी, एकेकदाच चालणारे. फोन गेल्यावर दुसऱ्याच्या फोनवरून लॉगिन करताना गूगल खातरजमेचा संदेश हरवलेल्याच फोनवर पाठवते, आणि माणूस नेमका तिथे अडकतो.

फोन गेला, आता क्रम

इथे क्रमाला महत्त्व आहे, आणि तो तुम्ही सिम पिन लावला होता की नाही यावर ठरतो.

पिन लावलेला नसेल तर पहिले काम सिम बंद करणे. त्याच कंपनीचे सिम असलेल्या कोणाच्याही फोनवरून १९८ हा कंपनीचा तक्रार क्रमांक लावा आणि नंबर ताबडतोब बंद करायला सांगा. मग बँक. यूपीआय नव्या फोनात सुरू केल्यावर पहिल्या २४ तासांत साधारण ५,००० रुपयांचीच मर्यादा असते, म्हणून पहिला दिवस हातचा घालवायचा नाही.

पिन लावलेला असेल तर सिम बंद करायची घाई करू नका, कारण सिम बंद झाले की फोनचे इंटरनेट जाते आणि तो दुरून लॉकही होत नाही, शोधताही येत नाही. आधी फोन दुरून लॉक करा. अँड्रॉइडच्या ‘थेफ्ट प्रोटेक्शन’मध्ये रिमोट लॉक आधीच चालू केलेले असेल तर अँड्रॉइडच्या संकेतस्थळावरच्या लॉक पानावर नुसता नंबर टाकून स्क्रीन बंद करता येते, पासवर्डची गरज पडत नाही. ही सोय अँड्रॉइड १० आणि पुढच्या फोनांवर आहे. नाहीतर गूगलचे फाइंड हब, म्हणजे पूर्वीचे फाइंड माय डिव्हाइस. आयफोन असेल तर आयक्लाउडच्या संकेतस्थळावरचे ‘फाइंड’ पान कोडशिवाय, नुसत्या पासवर्डने उघडते. लॉक झाल्याची खात्री पटली की मग १९८.

मांडवीत फेरीबोटीवरून फोन पाण्यात पडला असेल तर यातले बरेच वाचते. नवे सिम घेतले की पुरे.

खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि बँकेला त्याच वेळी कळवा. पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी अडवले जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. गोव्याचे सायबर गुन्हे पोलीस ठाणे रायबंदरला आहे. फक्त फोन हरवला असेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या आणि तिची प्रत मागून घ्या. त्यात आयएमईआय क्रमांक, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, यायलाच हवा. तो *#०६# डायल करून दिसतो, डब्यावर आणि बिलावर असतो; दोन सिमच्या फोनाला दोन असतात. दोन्ही आजच वहीत उतरवून ठेवा.

तक्रारीची प्रत हाती आली की सरकारच्या दूरसंचार खात्याच्या संचार साथी संकेतस्थळावरच्या सीईआयआर, म्हणजे फोनांच्या ओळख क्रमांकांच्या केंद्रीय नोंदवहीच्या, विभागात फोन ब्लॉक करायचा अर्ज भरा. ब्लॉक झालेला फोन देशातल्या कुठल्याच नेटवर्कवर चालत नाही. ही व्यवस्था सप्टेंबर २०१९ मध्ये प्रयोग म्हणून सुरू झाली ती महाराष्ट्र, गोवा आणि दादरा-नगर हवेलीसाठी, आणि मे २०२३ मध्ये देशभर गेली. अर्जाला ओटीपी लागतो, म्हणून आधी त्याच नंबरचे नवे सिम घ्यावे लागते. आणि नव्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस येत-जात नाहीत. हा नियम सिम अदलाबदलीच्या, म्हणजे दुसऱ्याच्या नावाने सिम काढून त्याचे ओटीपी मिळवण्याच्या, फसवणुकीविरुद्धच केलेला आहे, तेव्हा दुकानदाराशी वाद घालू नका. नव्या सिमलाही पिन नव्याने लावा. जुना पिन त्याच्याबरोबर येत नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये संचार साथी ॲप प्रत्येक नव्या फोनात आधीच घालण्याच्या सरकारी आदेशावरून वादळ उठले आणि आदेश मागे घेतला गेला. तो मागे घेतला हे योग्यच झाले. कोणते ॲप ठेवायचे हे फोनच्या मालकाने ठरवावे. पण त्या वादामुळे सीईआयआरकडे पाठ फिरवू नका. ते संकेतस्थळावरून, कुठलेही ॲप न घालता वापरता येते. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत हेही तिथेच दिसते, आणि अनोळखी नंबर दिसला तर तो बंद करायची विनंती करता येते.

बँकांनी एसएमएस ओटीपीवरचे अवलंबित्व कमी करावे असे आमचे ठाम मत आहे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२५ च्या निर्देशांनी इतर मार्गांना वाट मोकळी केली, पण प्रत्येक बँक आपल्या गतीने बदलणार. तोवर खात्याची किल्ली सिममध्येच आहे.

फोन न हरवताही नेटवर्क अचानक जाऊ शकते. छोर्ला घाटात किंवा नेत्रावळीच्या बाजूला ते जातेच, त्याने घाबरू नका. पण पणजीत बसलेले असताना, शेजारच्या माणसाच्या त्याच कंपनीच्या फोनला रेंज असताना, तुमच्या फोनवर ‘नो सर्व्हिस’ आले आणि रीस्टार्ट करून पिन दिल्यावरही गेले नाही, तर कोणीतरी तुमच्या नावाने दुसरे सिम काढले असण्याची शक्यता धरा. सिम पिन इथे उपयोगी पडत नाही, कारण ते सिमच नवे असते. दुसऱ्या फोनवरून कंपनीला आणि बँकेला त्याच घटकेला कळवा.

हरवलेला फोन सापडला तर सीईआयआरवर, ब्लॉक करताना मिळालेल्या विनंती क्रमांकाने, आधी अनब्लॉकचा अर्ज करा. पोलिसांकडून फोन परत आला म्हणून ब्लॉक आपोआप निघत नाही, आणि ब्लॉक असेपर्यंत त्यात कुठलेही सिम घातले तरी रेंज येणार नाही.