प्रोजेक्ट सेव्ह व्हायला मिनिट लागतंय? रॅम घ्यायच्या आधी या चुका टाळा

ऐरोलीत माझी गाणी रेकॉर्ड करायची एक खोली आहे. स्टुडिओ म्हणायला जीभ रेटत नाही, कारण दारामागे अजून आईच्या गोधड्या टांगल्यात. तिथे मिक्सच्या कामापेक्षा जास्त लोक तक्रार घेऊनच येतात, आणि तक्रार ठरलेली: ‘कंट्रोल एस मारला की गोल फिरत बसतं.’ येण्याआधी बहुतेकांनी रॅम दुप्पट केलेली असते. काहींनी तर नवी एसएसडीसुद्धा घेतलेली असते. सेव्ह मात्र होता तेवढाच मंद.

मुळात सेव्ह करताना लिहिलं काय जातं, हे कुणी बघतच नाही. तुमचा आवाज तेव्हा लिहिला जात नाही. तो रेकॉर्ड होतानाच वेव्ह फाइल म्हणून डिस्कवर पडलेला असतो, २४ बिट ४८ किलोहर्ट्झला एका मोनो ट्रॅकचे मिनिटाला साधारण साडेआठ एमबी. सेव्हला लिहिली जाते ती नुसती प्रोजेक्ट फाइल: कुठला तुकडा कुठे ठेवलाय, फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) किती वर आहे, कुठला प्लगइन (इफेक्ट देणारा किंवा वाद्य वाजवणारा जोड-प्रोग्राम) कसा लावलाय. साध्या गाण्याची ही फाइल काही एमबींची असते. म्हणून मी आधी फोल्डर उघडून तिचा आकार बघतो. ती शेकडो एमबींची निघाली तर दुखणं प्रोजेक्टच्या पोटात आहे, रॅम कितीही घाला.

प्लगइनच्या पोटात सॅम्पल भरून ठेवणं

घणसोलीचा एक पोरगा आगरी हळदीची गाणी करतो. चाली झकास, कानही तयार, पण धीर नावाची गोष्ट नाही. लग्नसराईच्या तोंडावर त्याचा सेव्ह पन्नास सेकंदांवर गेला. ऑटोसेव्ह दर पाच मिनिटांनी, म्हणजे कोरसच्या ऐन टेकमध्ये सगळं थिजायचं. यावर पठ्ठ्यानं काय केलं, तर ऑटोसेव्हच बंद केला. ‘दादा, काम झाला का एकदाच मारतंय सेव.’

दुपारी चार ते रात्री आठ चार बायकांचा कोरस डब झाला. त्यात त्याची आत्या, ती उरणहून खास आलेली. आठ वाजता वळवाचा पाऊस आला आणि लाइट गेली. कॉम्प्युटरला यूपीएस नाही. शेवटचा सेव्ह चार वाजायच्या आधीचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी हार्ड डिस्क पिशवीत घालून दारात उभा. आवाज गेला नव्हता, फोल्डरमध्ये साठ-सत्तर वेव्ह फाइली होत्या. पण ट्रॅकना नावं दिलेली नव्हती, त्यामुळे सगळ्या नुसत्या नंबरच्या. कुठला टेक कुठल्या कडव्याचा, कुणालाच पत्ता नाही. आणि आत्या उरणला परत गेलेली. नशीब त्याचं, रेकॉर्ड करताना फाइलीच्या आत सुरुवातीची वेळ लिहिली गेली होती. तो वापरतो त्या रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये तुकडा त्याच्या मूळ जागी सरकवायची कमांड आहे, ती वापरून सगळे टेक ओळीनं लावले. कापाकापी आणि कम्पिंग (वेगवेगळ्या टेकमधले चांगले तुकडे जोडणं) पुन्हा करण्यात दोन संध्याकाळी गेल्या.

मग प्रोजेक्ट फाइल बघितली: ४१२ एमबी. ढोलकी, ताशा, बेंजो, प्रत्येकाला वेगळा सॅम्पलर (वाद्याचे रेकॉर्ड केलेले सुटे आवाज, म्हणजे सॅम्पल, वाजवणारा प्लगइन), असे एकतीस. काही सॅम्पलर वापरलेले आवाज स्वतःच्या सेटिंगमध्येच बांधून ठेवतात. सेव्ह मारला की ते सगळं गाठोडं प्रोजेक्ट फाइलीत जातं, आणि प्रत्येक सेव्हला नव्यानं जातं. रीपरची फाइल साध्या मजकुराची असते, प्लगइनचा डेटा तिच्यात बेस ६४ या पद्धतीनं अक्षरांत बदलून लिहिला जातो. तीन बाइटांचे चार होतात, म्हणजे आधीच जड असलेलं ओझं आणखी तिसऱ्या हिश्शानं वाढतं.

यावर ‘मी ट्रॅक फ्रीझ केलेत की’, म्हणजे तात्पुरते ऑडिओत बदललेत, असं सांगणारे बरेच भेटतात. फ्रीझनं प्रोसेसरचा भार उतरतो. फाइल हलकी होत नाही, कारण उद्या अनफ्रीझ करायचं तर प्लगइनची सेटिंग कुठेतरी जपावीच लागते. मी सरळ वाजवलेली ढोलकी ऑडिओ म्हणून रेंडर करतो, प्रोजेक्ट वेगळ्या नावानं सेव्ह करतो आणि त्या नव्या प्रतीतून सॅम्पलर उडवतो. जुनी प्रत तशीच राहते, उद्या गिऱ्हाईकाला ठेका बदलायचा असला तर तिच्याकडे जायचं. दोषी कोण हे कळत नसेल तर एका प्रतीत निम्मे प्लगइन काढा, सेव्ह करा, आकार बघा, मग उरलेल्यांतले निम्मे. कंटाळवाणं आहे, पण हमखास सापडतो.

पिच सुधारणाऱ्या प्लगइनांचंही तेच. सूर एकदा लागला की रेंडर करून मोकळे व्हा. तीन महिने ‘नंतर बघू’ म्हणत बारा ट्रॅकवर ते तसंच ठेवणाऱ्यांची मला कीव येत नाही.

क्लाउडच्या फोल्डरात काम करणं

हे मी स्वतः केलंय, म्हणून जास्त चिडतो. तुम्ही सेव्ह मारता, त्याच क्षणी सिंक करणारा प्रोग्राम तीच फाइल उचलून वर पाठवायला धावतो. दोघांची ओढाताण होते आणि मध्ये तुमचं सॉफ्टवेअर ताटकळतं. कधी एकाच प्रोजेक्टच्या दोन प्रती तयार होतात आणि ताजी कुठली तेच कळत नाही.

बऱ्याच जणांना आपण क्लाउडवर काम करतोय हेच माहीत नसतं. विंडोजमध्ये वनड्राइव्हचा बॅकअप चालू असला की डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप हे फोल्डर त्याच्याच आत जातात. आणि पुष्कळशी रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरं आपणहून डॉक्युमेंट्समध्येच प्रोजेक्ट ठेवतात. म्हणून नव्या मशीनवर मी पहिल्याच दिवशी ड्राइव्हवर ‘गाणी’ नावाचा साधा फोल्डर करतो. क्लाउडवर प्रत टाकायची ती रात्री, सॉफ्टवेअर बंद केल्यावर.

शंका असेल तर प्रोजेक्ट ‘सेव्ह अ‍ॅज’ करून अशा साध्या फोल्डरात टाका, मीडिया कॉपी करायची खूण न लावता. तिथे तो झटकन सेव्ह झाला तर दोष जागेचा. तिथेही रखडला तर वरचा ढोलकीचा किस्सा पुन्हा वाचा.

बाकीच्या

पहिला सेव्ह मंद, लगेच मारलेला दुसरा झटपट? मग बाहेरची हार्ड डिस्क झोपलेली असते, तिची चकती फिरू लागेपर्यंत काही सेकंद जातात. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये हार्ड डिस्क बंद करायची वेळ ‘नेव्हर’ करा.

रीपरमध्ये अंडूचा इतिहास प्रोजेक्टसोबत सेव्ह करायची एक खूण आहे. काढून टाका. परवाची चूक आज अंडू करायला कोण बसलंय?

एबलटन या सॉफ्टवेअरमध्ये दर वेळी ‘कलेक्ट ऑल अँड सेव्ह’ मारू नका. ते बाहेरची सॅम्पलं गोळा करून प्रोजेक्टमध्ये कॉपी करतं. गाणं दुसऱ्याला द्यायचं असेल तेव्हा मारा.

पेन ड्राइव्हवर प्रोजेक्ट उघडून काम करणाऱ्यांशी मी बोलत नाही.

अँटिव्हायरस प्रत्येक सेव्हची झडती घेत असेल तर विंडोज सिक्युरिटीच्या एक्सक्लुजन्समध्ये तुमचा ‘गाणी’ फोल्डर घाला. फक्त तो फोल्डर. अख्खी सी ड्राइव्ह नाही, आणि अँटिव्हायरस बंद तर मुळीच नाही. फुकटात उतरवलेल्या क्रॅक प्लगइनांसाठी तो बंद ठेवणारे माझ्याकडे येतात तेव्हा मी त्यांची डिस्क माझ्या मशीनला लावतही नाही.

ऑटोसेव्ह त्रास देतोच असेल तर वेळ पाचाची पंधरा मिनिटं करा आणि टेक संपला की हातानं सेव्ह मारा. मला आता सवयच लागलीय, गायिका पाणी प्यायला थांबली की बोटं आपोआप कंट्रोल एसवर जातात. रेकॉर्डचं बटण दाबण्याआधी ट्रॅकला नाव द्या. यूपीएस घेतला असेल तर वर्षातून एकदा प्लग काढून बघा, बॅटरी प्रोजेक्ट सेव्ह होईपर्यंत तरी टिकते का.

घणसोलीवाल्याची फाइल आता सात एमबींची आहे. परवा त्याचा फोन आला होता: ‘दादा, रॅम बत्तीस करू का?’