विषम संख्यांची बेरीज आणि विभाज्यता: या चुका टाळा

शिष्यवृत्तीच्या तयारीत हमखास भेटणारा प्रश्न: 'पुढीलपैकी कोणती संख्या दोन क्रमागत विषम संख्यांची बेरीज आहे?' पर्याय ३८, ४२, ४८, ५४. चारही सम. 'विषम अधिक विषम बरोबर सम' एवढंच पाठ असलेलं मूल इथे अडतं आणि अंदाजपंचे खूण करून पुढे जातं. उत्तर ४८ आहे, २३ + २५. बाकी तिन्ही संख्यांना ४ ने नि:शेष भाग जात नाही.

हे ४ आले कुठून? दोन क्रमागत विषम संख्यांच्या मधोमध एक सम संख्या असते. एक तिच्याहून १ ने लहान, दुसरी १ ने मोठी. म्हणून बेरीज त्या सम संख्येच्या दुप्पट, म्हणजेच ४ च्या पटीत. परळ-लालबागच्या मुलांना शिकवताना मी हे कारण आधी फळ्यावर मांडते, नियम नंतर. नुसता नियम पाठ केला की त्यातला 'क्रमागत' हा शब्द हमखास गळतो आणि मुलं कोणत्याही दोन विषम संख्यांना ४ चा नियम लावतात. ३ + ७ = १०, तिथेच फसगत.

कोणत्याही दोन विषम संख्या असतील तर प्रत्येकीला ४ ने भागून बाकी पाहा. ती १ किंवा ३ च असणार. बाक्या वेगळ्या असतील तर बेरजेला ४ ने भाग जातो, सारख्या असतील तर नाही. ७ + १३ = २० ला जातो, ७ + ११ = १८ ला जात नाही. वजाबाकीत नेमकं उलट.

'क्रमागत' म्हणजे एकापाठोपाठ येणाऱ्या, एवढाच अर्थ धरू नका, फरक २ चाच हवा. आपल्याकडे गल्लोगल्ली सम-विषम तारखांच्या पार्किंगच्या पाट्या असतात. त्या तारखांत ३१ नंतरची विषम तारीख १, मग ३. पाठोपाठ आल्या, पण ३१ + १ + ३ = ३५, आणि ३५ ला ३ ने भाग जात नाही. तीन संख्या खरोखर क्रमागत विषम असत्या तर गेला असता, कारण पुढे येतंच.

आता सगळ्या नियमांचं मूळ. क्रमागत विषम संख्यांची बेरीज = एकूण किती संख्या × त्यांची सरासरी. संख्यांची गणती विषम असेल (३, ५, ७...) तर सरासरी म्हणजे मधलीच संख्या, तीही विषम. गणती सम असेल (२, ४, ६...) तर सरासरी सम येते. म्हणून तीन संख्यांच्या बेरजेला ३ ने, चारच्या बेरजेला ८ ने, पाचच्या बेरजेला ५ ने आणि सहाच्या बेरजेला १२ ने भाग जातोच. एवढं समजलं की यादी पाठ करावी लागत नाही.

तरी दोन ठिकाणी घसरण होते. तीन क्रमागत सम संख्यांच्या बेरजेला ६ ने भाग जातो, तेच मुलं विषम संख्यांना चिकटवतात. ७ + ९ + ११ = २७. बेरीज विषमच, तिला ६ ने भाग जाईलच कसा? दुसरं, नियम उलटा वाचणं. २४ ला ३ ने भाग जातो, म्हणून ती तीन क्रमागत विषम संख्यांची बेरीज असेल? मधली संख्या ८ येते, म्हणजे संख्या ६, ८, १०. त्या सम झाल्या.

वहीत सर्वांत जास्त लाल रेघा पडतात त्या मांडणीत. 'तीन क्रमागत विषम संख्यांची बेरीज ५७, तर संख्या काढा.' कुणी क्ष, क्ष + १, क्ष + २ मांडतं आणि १८, १९, २० लिहून मोकळं होतं. कुणाला 'विषम' शब्द आठवतो, म्हणून क्ष, क्ष + १, क्ष + ३. मग ३क्ष + ४ = ५७, आणि क्ष अपूर्णांकात. खरं तर मिळवायच्या संख्या २ आणि ४ आहेत. पहिली संख्या विषम असली की त्यात सम मिळवल्यावरच विषम येते. त्याहून सोपं म्हणजे ५७ ला ३ ने भागा, मधली १९, उत्तर १७, १९, २१.

मोजणीतही काळजी घ्या. ११ ते ४९ मध्ये विषम संख्या किती? ४९ − ११ = ३८, अर्धे १९, आणि अधिक १ म्हणजे २०. तो १ विसरला की पुढची सगळी विभाज्यता कोलमडते. सरासरी ३०, बेरीज ६००, आणि तिला ४० ने भाग जातो. इथे 'संख्यांच्या गणतीचा वर्ग' हे सूत्र लावू नका. ते फक्त १ पासून सुरुवात असेल तरच चालतं.

व्हॉट्सअॅपवर फिरणारं 'तीन विषम संख्यांची बेरीज ३० करा' हे कोडं मुलांना सोडवत बसवू नका. तीन विषम पूर्णांकांची बेरीज विषमच येते.

ऋण संख्यांनाही हेच नियम लागू पडतात. −३, −१, १, ३ यांची बेरीज ०. 'शून्याला ८ ने भाग जात नाही' असं म्हणणारी मुलं खूप भेटतात. जातो, भागाकार ० आणि बाकीही ०.