कनेटिकटमध्ये नवीन आलात? गोचीड, लाइम आणि इन्शुरन्सची भानगड

हार्टफर्डच्या बाजूला प्रोजेक्टवर येणाऱ्या मंडळींना सगळे अपार्टमेंट, शाळा, लायसन्स, इंडियन ग्रोसरी याबद्दल सांगतात, गोचिडीचं कोणी काढतच नाही. आपल्याकडे गोचीड म्हणजे म्हशीला नाहीतर कुत्र्याला, इथे ती उंदरांवर आणि हरणांवर वाढते आणि घरामागच्या गवतातून तुमच्या पोराच्या गुडघ्यामागे येऊन बसते. तिच्या चाव्यातून होणारा जिवाणूंचा आजार म्हणजे लाइम. हे नावच मुळी याच राज्यातल्या लाइम आणि ओल्ड लाइम या गावांवरून पडलंय, १९७५ च्या सुमारास तिथल्या मुलांचे सांधे सुजायला लागले तेव्हापासून.

मे ते जुलै जास्त जपा, तेव्हा गोचिडीची पिल्लं खसखशीएवढी असतात, दिसतच नाहीत. ट्रेलवरून आलात की आंघोळ करायची, काखा, जांघा, केस नीट बघायचे, कपडे ड्रायरमध्ये हाय हीटवर टाकायचे. चिकटलेली सापडली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची, खोबरेल, रॉकेल, उदबत्तीचा चटका असले घरगुती प्रयोग नकोत. तारीख लिहा, फोटो काढा. गोचीड दीड दिवस तरी चिकटून होती असं वाटत असेल आणि काढल्यापासून ७२ तासांच्या आत डॉक्टर गाठलात तर बऱ्याचदा डॉक्सीसायक्लिन या अँटीबायोटिकचा एकच डोस देतात. चट्टा उठला तर त्याचेही रोज फोटो, कारण नेटवर दिसणारे ते लाल गोलात गोल बहुतेक गोऱ्या कातडीवरचे असतात, आपल्या सावळ्या रंगावर तो जांभळट, मुका मार लागल्यासारखा दिसू शकतो आणि डॉक्टरही चुकतात. रक्ताच्या टेस्टच्या भरवशावर बसू नका, पहिल्या काही आठवड्यांत शरीरात जंतूविरुद्धच्या अँटीबॉडीज तयारच झालेल्या नसतात त्यामुळे रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो, चट्टा ओळखीचा असेल तर त्याच्यावरूनच औषध सुरू करतात.

हे फोटो-तारखांचं एवढं का लावून धरलंय ते आता सांगतो.

वेळेवर गोळ्या घेतल्या की बहुतेक लोक बरे होतात. पण साधारण पाच ते दहा टक्क्यांना नंतरही महिनोन्‌महिने थकवा, अंगदुखी, डोकं जड, काही लक्षात न राहणं असं चालू राहतं, आणि इथून भांडण सुरू होतं. संसर्गजन्य आजारांच्या डॉक्टरांची संघटना इन्फेक्शस डिसीजेस सोसायटी, म्हणजे आयडीएसए, म्हणते की त्रास खरा आहे पण जंतू जिवंत असल्याचा पुरावा नाही, म्हणून अजून अँटीबायोटिक नको. दुसरा गट आयलॅड्स या लाइमवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेचा, ते याला क्रॉनिक लाइम म्हणतात आणि लांब कोर्स देतात. इन्शुरन्सवाले अर्थातच पहिल्या गटाची गाइडलाइन पुढे करून क्लेम नाकारतात. आयडीएसएच्या २००६ च्या गाइडलाइनवर तर इथले तेव्हाचे अटर्नी जनरल, म्हणजे राज्याचे मुख्य सरकारी वकील, ब्लुमेंथल यांनी चौकशी लावली होती, ती लिहिणाऱ्यांचे हितसंबंध आहेत म्हणून, २००८ मध्ये समझोता झाला, मग स्वतंत्र पॅनेल बसलं आणि २०१० मध्ये त्याने गाइडलाइन तशीच ठेवली. तरी वाद काही मिटला नाही.

माझं मत विचाराल तर पेशंटचा त्रास खोटा नाही आणि महिनोन्‌महिने अँटीबायोटिक हेही उत्तर नाही. अमेरिकेत २००१ मध्ये आणि हॉलंडमध्ये २०१६ मध्ये मोठ्या ट्रायल्सचे निकाल आले, लांब कोर्सने फरक पडला नाही. शिवाय हाताच्या शिरेत बरेच दिवस राहणारी नळी टाकून सलाइनमधून औषध घेणाऱ्यांना रक्तात जंतुसंसर्ग झाल्याच्या केसेस सीडीसीने, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेने, २०१७ मध्ये छापल्यात. लाइम स्पेशालिस्ट म्हणवणारे बरेच डॉक्टर इन्शुरन्स घेतच नाहीत, सगळं रोख, तिथे जायच्या आधी एकदा आयडीचा, म्हणजे संसर्गजन्य आजारांचा, किंवा न्यूरोलॉजीचा डॉक्टर करा, आणि झोप, सांधे, नैराश्य, थायरॉइड, बी-१२, डी हे सगळं बघून घ्या, आपल्या लोकांत शेवटचे दोन तर कमी असतातच.

आता कायदा. कनेटिकटने १९९९ मध्येच कायदा केलाय की लाइमसाठी किमान ३० दिवस शिरेतून आणि ६० दिवस तोंडाने घ्यायचं अँटीबायोटिक इन्शुरन्सने कव्हर करायचं, पुढचं हवं असेल तर बोर्ड सर्टिफाइड ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट (सांध्यांच्या आजारांचा डॉक्टर), आयडी किंवा न्यूरोलॉजिस्टची शिफारस लागते. शेजारच्या मॅसॅच्युसेट्समध्ये २०१६ ला गव्हर्नरचा व्हेटो डावलून असाच कायदा झाला. ऐकून बरं वाटतं ना? पण बहुतेक मोठ्या कंपन्यांचे प्लॅन सेल्फ-फंडेड असतात, म्हणजे कार्डावर नाव इन्शुरन्स कंपनीचं पण पैसे तुमच्या एम्प्लॉयरचे, आणि असे प्लॅन एरिसा या फेडरल कायद्याखाली येतात, राज्याचा हा नियम त्यांना लागूच होत नाही. गंमत बघा, आपल्यातले कितीतरी जण इथे इन्शुरन्स कंपन्यांच्याच क्लेम सिस्टिम सांभाळायला येतात आणि स्वतःचा प्लॅन कुठल्या प्रकारचा हे त्यांना माहीत नसतं. एचआरला सरळ विचारा, सेल्फ-फंडेड की फुली इन्शुअर्ड (म्हणजे पैसे इन्शुरन्स कंपनीचे), आणि समरी प्लॅन डिस्क्रिप्शन, म्हणजे प्लॅनच्या नियमांचं पुस्तक, मागून घ्या.

क्लेम नाकारला तर फोनवर भांडत बसू नका, कारण लेखी मागवा. इंटरनल अपीलला साधारण १८० दिवस मिळतात, तेही फेटाळलं तर कंपनीबाहेरच्या स्वतंत्र रिव्ह्यूसाठी चार महिने, हा हक्क सेल्फ-फंडेडवाल्यांनाही आहे. अपीलमध्ये नुसतं क्रॉनिक लाइम लिहिलेलं असलं की फाइल लगेच बाजूला पडते, त्यापेक्षा गोचिडीची तारीख, चट्ट्याचे फोटो, टेस्ट, दिलेलं औषध, आत्ताची नेमकी लक्षणं आणि डॉक्टरचं पत्र असं क्रमाने लावलेलं बरं. जॉब बदलला की प्लॅन बदलतो आणि प्रायर ऑथरायझेशन, म्हणजे उपचाराआधी घ्यायची इन्शुरन्सची मंजुरी, परत पहिल्यापासून, तेव्हा जुन्या डॉक्टरकडचे रेकॉर्ड आधीच काढून ठेवा.

आणि आई-बाबा उन्हाळ्यात येणार असतील तर त्यांना पण सांगा, सकाळी पूजेची फुलं तोडायला झुडपात शिरायचं तर पायजमा मोज्यात खोचून. त्यांची व्हिजिटर पॉलिसी वेगळीच असते, मध्ये संपून नवीन घेतली तर आधीच सुरू झालेला आजार बऱ्याचदा प्री-एग्झिस्टिंगमध्ये, म्हणजे पॉलिसीच्या आधीचा म्हणून, टाकतात आणि कव्हर करत नाहीत, त्यामुळे मुक्काम वाढायची शक्यता असेल तर पहिल्यांदाच जास्त दिवसांची किंवा रिन्यू होणारी घ्या. परत गेल्यावर ताप आला तर तिथल्या डॉक्टरांना कनेटिकट आणि गोचीड हे दोन्ही आपणहून सांगायला लावा, नाहीतर डेंग्यू-मलेरियाच्या टेस्ट होत राहतील आणि लाइमकडे कोणाचं लक्षच जाणार नाही.